पातळ प्लाय आणि खिशाचे भोक

एक पातळ फळी दुसऱ्या पातळ फळीला काटकोनात जोडायची आहे. बाहेरून खिळा किंवा स्क्रू दिसता कामा नये, आणि हे सारे घरच्या घरी, रविवारच्या एका दुपारी उरकले पाहिजे. काम एवढेच. ऐकायला अगदी सोपे वाटते. पण ज्याने म्हणून ९ किंवा १२ मिलिमीटरच्या प्लायवूडशी ही झोंबी घेतली आहे, त्याला एकदा विचारून पाहा. तो आधी हसेल, आणि मग आपल्या अंगठ्यावरचा व्रण दाखवील.

मी काही सुतार नव्हे. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर गॅलरीच्या कोपऱ्यात एक जुने टेबल मांडून लाकूडकाम सुरू केले. तुमच्यापैकीही पुष्कळांनी असे काही तरी केले असेल, किंवा करावयाचे मनात असेल. अशा हौशी माणसाला कुसू काढून, भोक कोरून, लाकडात लाकूड बसवण्याची विद्या या वयात येत नाही. रंधा धरायला शिकण्यातच वर्ष जाते. म्हणून मग आपण सोप्या वाटा शोधतो. त्यांतली सध्याची सर्वांत लोकप्रिय वाट म्हणजे पॉकेट होलचा सांधा. आपण त्याला खिशाचे भोक म्हणू.

म्हणजे काय ते आधी सांगतो. सदऱ्याच्या तिरक्या खिशात हात घालावा, तसा हा स्क्रू पहिल्या फळीच्या आतल्या अंगाने तिरका शिरतो, तिच्या कडेतून बाहेर पडतो आणि समोरच्या फळीत घुसतो. भोक दोन मापांचे असते. वरचा भाग रुंद, साधारण साडेनऊ मिलिमीटरचा, कारण त्यात स्क्रूचे डोके मावले पाहिजे. पुढचा भाग अरुंद, स्क्रूची दांडी जाण्यापुरता. रुंद भाग जिथे संपतो तिथे भोकाच्या पोटात एक पायरी तयार होते, आणि स्क्रूचे डोके त्या पायरीवर टेकून दुसऱ्या फळीला जवळ ओढते. ही पायरी कृपा करून ध्यानात ठेवा. पुढचे बरेचसे बोलणे तिच्याविषयीच आहे. भोकाचा उतार १५ अंशांचा. हा उतार नुसत्या हाताने साधत नाही, म्हणून त्याला एक साचा मिळतो. साच्यात पोलादी नळी तिरकी बसवलेली असते. साचा फळीवर आवळायचा, दोन मापांचे बिट नळीतून घालायचे आणि ड्रिल चालवायचे. दहा सेकंदांत भोक तयार. पहिल्यांदा केले तेव्हा मला, खरे सांगतो, सर्कशीतला खेळ पाहिल्यासारखे वाटले होते.

कल्पना नवी नाही. टेबलाच्या खालच्या चौकटीला पटाशीने तिरके खिसे कोरून, तिथून स्क्रू घालून वरचा पाट ओढून घेण्याची रीत पाश्चात्त्य सुतारांमध्ये फार जुनी आहे. आजचा साचा मात्र अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. क्रेग सोमरफेल्ड नावाचे एक हत्यारे व डाय बनवणारे कारागीर होते. १९८६ साली स्वतःच्या घरातल्या स्वयंपाकघराची कपाटे करताना, कपाटांच्या दर्शनी चौकटी झटपट आणि नेमक्या जुळाव्यात म्हणून त्यांनी धातूचा एक साचा बनवला, आणि पुढे त्यातून मोठा व्यवसाय उभा राहिला. हे मी केवळ माहिती म्हणून सांगत नाही. अमेरिकन कपाटाची दर्शनी चौकट पाऊण इंचाच्या, म्हणजे १९ मिलिमीटरच्या भरीव लाकडाची असते. साच्याचा उतार, बिटाची रुंदी, स्क्रूची लांबी, सगळी मापे मुळात त्या पाऊण इंचाला बेतलेली आहेत. आपल्याकडे घरात जो प्लाय उरलेला असतो तो ९ चा, १२ चा, नाही तर ६ चा. अंगरखा एकाच्या मापाने शिवलेला आणि घालणारा दुसराच, असे हे होते. मला हे फार उशिरा कळले. कसे कळले ते ऐका.

माझ्या नातवाच्या अभ्यासाच्या टेबलावर भिंतीला टांगायची पुस्तकांची मांडणी करायची होती. घरात ९ मिलिमीटरचा प्लाय पडून होता. साचा नवा होता, हात शिवशिवत होते. खोके केले: दोन बाजू, वर एक फळी, खाली एक फळी, मध्ये एक आडवी, पाठीला ४ मिलिमीटरचा प्लाय. बाजूंच्या फळ्यांना खिशाची भोके पाडली आणि स्क्रू वरच्या-खालच्या फळ्यांत घातले. साच्याबरोबर आलेले स्क्रू लांब पडून पलीकडे टोक काढू लागले, तेव्हा मी एकेकाचे टोक कानशीने घासून बोथट केले. चाळीस स्क्रू घासले हो! सरस लावला नाही, कारण साचा विकणाऱ्याने सांगितले होते की या सांध्याला सरसाची गरजच नसते. वर पांढरा रंग दिला. मांडणी भिंतीवर गेली, नातवाने पुस्तके रचली, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाहवा केली.

तीन आठवडे ती टिकली. एका मंगळवारी दुपारी मी आतल्या खोलीत वाचत पडलो होतो, आणि मोठा आवाज झाला. जाऊन पाहतो तो खालची फळी सुटून टेबलावर आलेली, पुस्तके जमिनीभर पसरलेली, आणि जाडजूड शब्दकोश नेमका त्या जागी उताणा, जिथे रोज संध्याकाळी सात वाजता आमचा नातू डोके खाली घालून गृहपाठ करीत असतो. तो शाळेत होता. मी त्या खुर्चीवर बसलो आणि पुष्कळ वेळ उठलोच नाही.

त्या दिवसांत आमच्या इमारतीत एका बिऱ्हाडी फर्निचरचे काम चालू होते. तिथल्या मिस्त्रींना बोलावून आणले. त्यांनी ती खालची फळी उचलली, उलटीपालटी केली, उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. यंत्र झकास आहे तुमचं. पण ते जाड लाकडाचं. तुम्ही ते पापडाला लावलंत."

मग त्यांनी मला एकेक खूण दाखवली. काही स्क्रूंच्या आट्यांभोवती प्लायच्या वरच्या थराची गोल चकती तशीच अडकून आली होती; म्हणजे स्क्रू लाकडातून निसटला नव्हता, थरासकट उपटला गेला होता. फळीच्या टोकाला, जिथे स्क्रू शेवटाजवळ शिरला होता, तिथे प्लायचे थर भिजलेल्या वहीची पाने सुटावीत तसे सुटले होते. आणि बाजूच्या फळीत, खिशाच्या पोटातली ती पायरी, जिच्यावर डोके टेकते, ती दोन ठिकाणी चक्क फाटून डोके आरपार गेले होते. एका सांध्याला तीन रोग! "आणि सरस कुठाय?" मिस्त्रींनी विचारले. मी गप्प.

त्या रात्री मी जे काम या सगळ्याच्या आधी करायला हवे होते ते केले. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब अगदी शाळकरी आहे, तुम्हीही माझ्याबरोबर करा. पंधरा अंशांच्या उतारावर स्क्रू दर दहा मिलिमीटरमागे अडीच मिलिमीटरहून किंचित जास्त चढतो किंवा उतरतो, आणि तो फळीच्या कडेतून बरोबर मधोमध बाहेर पडायला हवा.

आधी १८ मिलिमीटरची फळी घ्या. मध्य ९ वर. स्क्रू ३२ मिलिमीटरचा. त्यातला निम्मा, १६ मिलिमीटर, पहिल्या फळीत आणि निम्मा दुसऱ्या फळीत. डोके ज्या पायरीवर टेकते तिथे भोकाचा मध्य पृष्ठभागापासून साधारण ५ मिलिमीटर खोल येतो. डोके ९ मिलिमीटर रुंद धरले तरी ते पृष्ठभागाच्या आत राहते. साडेनऊच्या भोकाखाली जवळजवळ ८ मिलिमीटर लाकूड शाबूत असते. पलीकडच्या १८ मिलिमीटरच्या फळीत टोक साडेपंधरा मिलिमीटर जाऊन थांबते. सगळे कसे मापात! सोमरफेल्डसाहेबांची अक्कल इथे दिसते.

आता तेच १२ मिलिमीटरला लावा. मध्य ६ वर. स्क्रू २५ चा घेतला आणि निम्मा-निम्मा वाटला, तर त्याचे टोक पलीकडच्या १२ मिलिमीटरमधून नेमके दुसऱ्या अंगाला येऊन टेकते. हाताला टोचू लागते. बरे, स्क्रू मागे ओढावा, म्हणजे पहिल्या फळीत १५ आणि दुसरीत १०, तर डोक्याच्या जागी मध्य फक्त २ मिलिमीटर खोल येतो, आणि रुंद डोके खिशातून दोन मिलिमीटर वर उचलून बसते. एकीकडे टोक बाहेर, दुसरीकडे डोके बाहेर. मध्ये अगदी चिंचोळी वाट राहते. ती अशी: स्क्रू २० मिलिमीटरचा, दहा इकडे दहा तिकडे, आणि डोके ९ नव्हे तर ७ मिलिमीटरचे. मग डोके पृष्ठभागाच्या बरोबरीने बसते आणि टोक पलीकडे दोन मिलिमीटर आत राहते. म्हणजे १२ मिलिमीटरच्या प्लायला हा सांधा करता येतो, पण माप दोन मिलिमीटरही चुकवायची सोय नाही.

आणि ९ मिलिमीटर? मध्य साडेचारवर. पहिल्या फळीत दहा मिलिमीटर घेतले तर लहान डोकेसुद्धा दीड मिलिमीटर वर राहते, भोकाखाली जेमतेम दोन मिलिमीटर लाकूड उरते, आणि पलीकडच्या फळीत स्क्रूला पकडायला सहा-सात मिलिमीटर. त्यातले टोकाकडचे निमुळते आटे वजा करा. काय राहिले? सहा मिलिमीटरचा तर हिशेबच करू नका. तिथे भोक खिशाचे न होता खिडकीचे होते. माझ्या मांडणीत मी ९ च्या प्लायला साडेनऊचे भोक पाडले होते! भोक फळीपेक्षा रुंद आहे हे दुकानात बिट हातात घेतले तेव्हाच दिसायला हवे होते. पस्तीस वर्षे मुलांच्या वहीत "मापे तपासा" असा शेरा मारणाऱ्या माणसाला ते दिसले नाही.

जाडीचा दोष झाला. पण मिस्त्रींनी दाखवलेल्या खुणांत आणखी दोन गोष्टी होत्या, आणि त्या मला जाडीपेक्षाही महत्त्वाच्या वाटतात, कारण १२ च्या प्लायमध्येही त्या घात करतात.

पहिली गोष्ट भाराची. मी बाजू खालच्या फळीवर उभ्या केल्या होत्या आणि स्क्रू वरून खाली, त्या फळीच्या अंगात घातले होते. म्हणजे पुस्तकांचे सगळे वजन ते स्क्रू फळीतून उपसण्याच्या कामी लागले होते. रात्रंदिवस, न थकता. तीच खालची फळी मी दोन बाजूंच्या मध्ये धरली असती आणि भोके तिच्या खालच्या अंगाने पाडून स्क्रू आडवे बाजूंमध्ये घातले असते, तर तेच वजन स्क्रूवर आडवे बसले असते. स्क्रू आडव्या भाराला जेवढा उभा राहतो, तेवढा उपसणाऱ्या भाराला पातळ प्लायमध्ये राहत नाही. फळ्या त्याच, स्क्रू तेच. फक्त कोणती फळी कोणाच्या मध्ये, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट कोपऱ्याची. स्क्रू तिरका आहे, हे आपण विसरतो. तो आतल्या अंगाकडून बाहेरच्या अंगाकडे उतरत जातो. दोन फळ्यांचा कोपरा अगदी सपाट मिळवला, म्हणजे एकीचे टोक दुसरीच्या बाहेरच्या अंगाशी बरोबरीला आणले, की स्क्रूचे टोक त्या दुसऱ्या फळीच्या शेवटाकडे झुकते. १२ च्या प्लायमध्ये ते शेवटापासून साडेतीन मिलिमीटरच्याही आत येऊन ठेपते. स्क्रूची अर्धी जाडी वजा केली की दीड-पावणेदोन मिलिमीटर प्लाय उरतो. तो तडकणारच. म्हणून पातळ प्लायचे खोके करताना कोपरे बरोबरीला मिळवू नका. एक फळी वीस-पंचवीस मिलिमीटर पुढे सोडा. तसे खोके दिसायलाही वाईट दिसत नाही. जुन्या फडताळांच्या बाजू अशाच थोड्या पुढे आलेल्या असत.

यातूनच आणखी एक नियम निघतो. स्क्रू नेहमी दुसऱ्या फळीच्या अंगात शिरला पाहिजे, तिच्या कडेत नव्हे. प्लाय म्हणजे पातळ पापुद्र्यांची चळत. एका थराची रेषा उभी, पुढच्याची आडवी, असे विषम संख्येचे थर चिकटवलेले. अंगातून शिरणारा स्क्रू ते सगळे थर ओलांडत जातो आणि प्रत्येकाला थोडा थोडा धरतो. कडेतून शिरणारा स्क्रू दोन थरांच्या मध्ये पाचरीसारखा घुसून त्यांना एकमेकांपासून सोडवतो. दोन पातळ फळ्या कडेला कड लावून सपाट जोडण्यासाठी हा सांधा वापरू नये तो याच कारणाने.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो. समजा तुमच्याकडे १२ चा प्लाय आहे.

प्रथम तो खरोखर १२ चा आहे का ते मोजा. माझा ११ भरला होता. एका मिलिमीटरला इथे काय किंमत आहे ते आपण आत्ताच पाहिले. मग कापलेली कड नीट न्याहाळा. मधल्या थरांत कुठे पोकळी दिसते का, थर एकमेकांवर चढले आहेत का? साधा प्लाय आयएस ३०३ या भारतीय मानकाखाली येतो आणि सागरी दर्जाचा आयएस ७१० खाली. सागरी प्लाय महाग असतो, पण त्याचा शिक्का पाण्यासाठीच पाहायचा असे नाही; चांगल्या शिक्क्याच्या फळीचे पोट सहसा भरीव असते, आणि स्क्रूला पोट लागते. शिक्का पाहूनही कड पाहाच. शिक्का मारणे सोपे असते.

स्क्रू सपाट बुडाच्या डोक्याचा घ्या. दुकानात पॅन हेड म्हणून मागा. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या अशा स्क्रूचे डोके ७ मिलिमीटरचे असते. लांबी २०, आटे जरा विरळ. छताच्या जिप्सम बोर्डासाठी येतात ते काळे स्क्रू स्वस्त आणि कुठेही मिळणारे, त्यामुळे मोह होतो. त्यांचे डोके खालून निमुळते असते. ते पायरीवर टेकत नाही, तिच्यात घुसते आणि प्लाय फाडते. बिटही शक्य असेल तर अरुंद खिशाचे घ्या. तसा वेगळा संच मिळतो. त्याचे भोक नेहमीच्यापेक्षा सुमारे पाव हिश्शाने अरुंद असते. सात मिलिमीटरच्या डोक्याला साडेनऊचे भोक हवे कशाला? अरुंद भोकाखाली पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास प्लाय शाबूत राहतो, रुंद भोकाखाली पावणेचार. पातळ कामात हा एक मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झाला.

भोक पाडताना ड्रिल आधी पूर्ण वेगात आणा, मग बिट प्लायला टेकवा. आधी टेकवून मग चालू केले की वरचा थर ओरबाडून निघतो. जिथे खिसा उघडणार तिथे चिकटपट्टी लावली तर कडा आणखी स्वच्छ येतात. मध्येच एकदा बिट मागे ओढून भुसा बाहेर येऊ द्या. बिटावरची थांबवणारी कडी काळजीने बसवा. तिच्यावरच पायरी कुठे पडेल ते ठरते, आणि साच्यावरच्या खुणा जाड फळीच्या असतात. त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. भोके फळीच्या शेवटापासून तीन-चार सेंटिमीटर सोडून सुरू करा, आणि दोन भोकांत बारा ते पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवा. भोके वाढवून सांधा बळकट होतो असे वाटते, पण पातळ फळीत प्रत्येक भोक हे आधी एक नुकसान असते.

मग सरस. पांढरा, फेव्हिकॉलच्या जातीचा. विकणारे काहीही सांगोत, पातळ प्लायला सरसाशिवाय गत नाही. माझे तर आता असे मत झाले आहे की १२ मिलिमीटरच्या खाली सांधा धरतो तो सरसच; स्क्रू फक्त सरस वाळेपर्यंत फळ्या आवळून धरणारा शिकंजा आहे. एकदा हे पटले की स्क्रूकडून आपण भलती अपेक्षा करीत नाही. प्लायच्या कडेला निम्म्या थरांची तोंडे उघडी असतात आणि ती सरस पिऊन टाकतात. म्हणून आधी एक हलका हात द्या, पाच-दहा मिनिटे मुरू द्या, मग दुसरा हात देऊन फळ्या जुळवा.

जुळवताना गुण्या लावून काटकोन पाहा आणि सांध्यावर शिकंजा घट्ट आवळा. स्क्रू तिरका येतो, त्यामुळे घट्ट होता होता तो फळीला बाजूला सरकवतो. एखादा मिलिमीटरच सरकवतो, पण ते सरस वाळल्यावर दिसते, आणि मग जन्मभर दिसत राहते. स्क्रू फिरवताना यंत्राची पकड अगदी खालच्या आकड्यावर ठेवा. शेवटचे दोन फेरे हाताने द्या. डोके पायरीवर टेकल्याचे मनगटाला कळते. तिथे थांबायचे. अजून पाव फेरा द्यावा असे फार वाटते. तो पाव फेराच पायरी चिरडतो, किंवा पलीकडच्या थरातले आटे मोडून टाकतो, आणि मग स्क्रू नुसता गरगर फिरत राहतो. अर्ध्या तासाने शिकंजा काढला तरी चालतो, पण वजन चोवीस तास ठेवू नका.

खरी फळी कापण्यापूर्वी मात्र त्याच प्लायचे दोन वीतभर तुकडे घेऊन, सरस न लावता, एकच स्क्रू घालून असा सांधा करा आणि हाताने मोडा. हो, मोडा. कुठून मोडतो ते पाहा. डोके खिशातून आरपार गेले तर पायरी फार कडेला आली आहे, किंवा तिच्याखाली प्लाय कमी उरला आहे, कडी सरकवा. आट्यांबरोबर थराची चकती उपटून आली तर स्क्रूला पलीकडे पकड कमी मिळते आहे. फळीचे टोकच थराथरांनी उकलले तर कोपरा फार काठावर घेतला आहे. मी आता प्रत्येक नव्या फळीचे असे दोन-तीन तुकडे मोडल्याशिवाय कामाला हात घालत नाही. घरचे लोक म्हणतात, आजोबा आज पुन्हा मोडायला बसले.

प्लाय ९ चा किंवा ६ चा असेल तर? तर खिशाच्या भोकाचा नाद सोडा. आतल्या कोपऱ्यात सागाची किंवा कुठल्याही बऱ्या लाकडाची वीस-बावीस मिलिमीटरची चौरस रीप बसवा, दोन्ही फळ्यांना सरस लावून ती चिकटवा, आणि स्क्रू प्लायमधून सरळ रिपेत घाला. बाहेरच्या अंगाने स्क्रू नको असतील तर उलटही करता येते: रिपेला भोक पाडून रिपेतून प्लायमध्ये आखूड स्क्रू, किंवा नुसता सरस आणि वाळेपर्यंत बारीक चुका. यात कसलेच नवल नाही. कपाटाच्या मागच्या अंगाला हात फिरवून पाहा, जुन्या सुतारांनी हेच केलेले सापडेल.

नातवाची मांडणी मी पुन्हा केली. या वेळी १२ चा प्लाय विकत आणला. खालची आणि मधली फळी बाजूंच्या मध्ये धरली, बाजू खाली पंचवीस मिलिमीटर पुढे सोडल्या, भोके खालच्या अंगाने पाडली, आणि खालच्या फळीच्या पोटाशी दोन्ही टोकांना रीप चिकटवून तिला बाजूंतून आधार दिला. पाठ ६ ची, चारी बाजूंनी सरस लावून. टांगणीही बदलली, पाठीच्या वरच्या अंगाला आतून जाड पट्टी बसवून तिच्यातूनच भिंतीत स्क्रू घेतले. मिस्त्री येऊन उभे राहिले होते. मी पुस्तके ठेवू लागलो तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवले, स्वतः दोन्ही हातांनी खालच्या फळीला धरून हळूहळू सगळा भार टाकला, पाय जवळजवळ अधांतरी, आणि कान देऊन ऐकत राहिले. काही वाजले नाही. मग त्यांनी खाली वाकून खिशांच्या रांगेवरून बोट फिरवले. एक डोके किंचित वर लागले; तिथे पुन्हा बोट नेले, माझ्याकडे पाहिले, आणि काही बोलले नाहीत.

चहा घेऊन निघताना दारात थांबून म्हणाले, "मास्तर, ते तुमचं खिशाचं यंत्र दोन दिवस मिळेल का? वरच्या मजल्यावर कपाटाला समोरची चौकट करायचीय. अठराची."